खिसे शिवलेली चड्डी

आमचे घरमालक दर रविवारी पहाटे घरातून पळून जात आणि दहाच्या सुमाराला घामानं निथळत परत येत. मी राहायला आले त्याच्या पहिल्याच रविवारी हा प्रकार पाहिला आणि मला वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी जोरदार बिनसलं. पंचेचाळिशीचा, काळासावळा, काटकुळा माणूस अर्ध्या चड्डीत फाटकातून धूम ठोकतोय आणि त्याची बायको चुलीपुढं फुंकणी घेऊन निवांत बसलीय. मी घाबरून विचारलं, "मावशी, काय झालं? आप्पा कुठं गेले?"

"कारेगावच्या अंगाला."

"काही निरोप आला का?"

"न्हाई वो बाई. नुसतंच पळत्यात."

त्या 'नुसतंच'मध्ये संसाराची वीस-बावीस वर्षं होती. मावशींनी पुन्हा फुंकणी तोंडाला लावली आणि मी माझ्या खोलीत जाऊन कडी घातली. म्हटलं, पुण्यातून निघून बरी येऊन पडले.

शिरूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला मी चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये आले. गावात एकट्या बाईला जागा मिळेना. कुणाला माझं लग्न कधी होणार ते आधी हवं होतं, कुणाला मी सोवळं किती पाळते ते. आप्पांनी फक्त एक विचारलं, "बाई, पहाटं फाटक वाजतं. झोपमोड हुईल. चालंल का?" मी हो म्हटलं. आईची पुण्याहून पत्रावर पत्रं येत: वस्ती कसली आहे, शेजार कोणाचा आहे. वस्ती बौद्धांची होती. मी तसं लिहिलं आणि पुढं लिहिलं की शेजार पहाटे उठतो, व्यसन करत नाही आणि खोटं बोलत नाही. यातलं शेवटचं पूर्ण खरं नव्हतं. आप्पा एका बाबतीत सर्रास खोटं बोलत. आपण का पळतो, हे ते कुणालाही धड सांगत नसत.

डॉक्टरांना ते सांगत, पोट साफ राहतं म्हणून. कोर्टातल्या नाझरसाहेबांना सांगत, "लांब बदली झाली तर सराव आसावा, साहेब." मावशींना म्हणत, "तुझ्या भाकरी जिरवायच्या म्हंजी दुसरा उपाय न्हाई." आणि मला त्यांनी वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण दाखवलं. परदेशातली सव्वीस मैलांची शर्यत, आणि रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसलेला एक दमलेला माणूस. "हा लई मागं ऱ्हायला व्हता म्हणं. आन् बघा, हासतोय कसा. म्हणलं ह्याला काय घावलं त्ये बघावं." मला हे कारण सगळ्यांत पटलं, आणि मी पुष्कळ दिवस तेच धरून बसले.

आप्पा कोर्टात बेलीफ होते. दाव्यातल्या माणसांना गावोगावी जाऊन कोर्टाचं समन्स द्यायचं, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, माणूस भेटलाच नाही तर पंचांसमक्ष दाराला कागद चिकटवून यायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडं भांडणं बहुतेक बांधाची. एका भावानं बांध हातभर कोरला की दुसरा भाऊ कोर्टात, आणि सगळी भावकी साक्षीला. साक्षीला जायला कुणाला नको असतं. त्यामुळे खाकी कपड्यांतले, कमरेला पितळी बिल्ला लावलेले आप्पा गावाच्या वेशीत दिसले की गाव ओस पडे. पुरुष ज्वारीत शिरत, बायका "मालक गावाला गेल्यात" असं म्हणत दार लावून घेत. पाणीसुद्धा कुणी विचारत नसे. पाणी विचारलं की बसावं लागतं, बसलं की नाव सांगावं लागतं, नाव सांगितलं की कागद हातात पडतो.

"माझ्याइतकी बंद दारं कुणी बघितली नसतील बाई," ते म्हणत. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

पळण्याची चड्डी हा एक स्वतंत्र विषय होता. मावशींच्या जुन्या गादीच्या खोळीचं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. शिंप्यानं सवयीप्रमाणे दोन खिसे लावून दिले. आप्पा घरी आले, सुईदोरा घेऊन ओट्यावर बसले आणि दोन्ही खिसे तोंडाशी घट्ट शिवून टाकले. मी म्हटलं, "अहो, रुमाल तरी ठेवता आला असता."

"खिसा आसला की त्यात कागद येतो," आप्पा म्हणाले आणि तटकन दोरा तोडला. मी हसले. मला तो विनोद वाटला.

माझ्याकडं सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ होतं, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मी त्यांची वेळ मोजणारी झाले. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ते घोडनदीच्या कोरड्या वाळूत पळत आणि मी काठावर वह्या तपासत बसे. वाळूत पाय रुततात, म्हणून तिथं पळालं की रस्ता सोपा जातो, असं त्यांचं शास्त्र. पायात कॅनव्हासचे बूट, त्यांना खालून टायरचा तळ ठोकलेला. पळून आले की पितळीभर आंबील आणि मूठभर शेंगदाणे. मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले होते, ते आप्पांना मुळीच मान्य नव्हतं. "किलोमीटर लगीच सरतो. माणसाला उगाच वाटतं, आपण लई पळलो." जुना दगड कुठं उलथून पडलाय, कुठला कुणी गोठ्याच्या पायरीला लावलाय, हे त्यांना पाठ होतं आणि ते त्याच हिशोबानं पळत.

त्यांची एक खोड मात्र मला मोडावी लागली. सुरुवातीला ते सुसाट सुटत आणि दोन मैलांत त्यांच्या छातीचा भाता होई. मी म्हटलं, "आप्पा, पळताना एकोणीसचा पाढा म्हणायचा. एकोणीस दाहे एकशेनव्वदपर्यंत एका लयीत म्हणता आला तर वेग बरोबर. मधेच दम तुटला तर वेग जास्त."

"आन् पाढाच चुकला तर?"

"तर तुम्ही सातवीला कसे पास झालात ते मी बघते."

तेव्हापासून नगर रस्त्यावरून पहाटे जाणाऱ्या दूधवाल्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला बेलीफ मोठमोठ्यानं एकोणीसचा पाढा म्हणत पळताना दिसू लागला. माझ्या शाळेतल्या मुलींनी दुसऱ्या आठवड्यात वर्गात विचारलं, बाई, आम्हाला पण पळत म्हणायचाय का. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. मी सांगितलं की पाढा शाळेचा आहे, पाय आप्पांचे आहेत, आणि दोन्हीत बेकायदा काही नाही.

निमोण्याची गंमत सांगितल्याशिवाय आप्पा पुरे होत नाहीत. निमोण्यात एक तरणाबांड शेतकरी होता. चुलत्याच्या बांधाच्या दाव्यात त्याची साक्ष होती आणि त्यानं आप्पांना चार वेळा चुकवलं होतं. एका रविवारी आप्पा कारेगावचा रस्ता सोडून हौसेनं निमोण्याकडं पळत गेले. हा गडी शेतात कांद्याला पाणी देत होता. त्यानं पाहिलं, बेलीफ चक्क पळत येतोय. त्यानं खोरं टाकलं आणि पाटावरून उडी मारून पळत सुटला.

आता कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण आप्पांना इतक्या महिन्यांत पळायला जोडीदार मिळाला नव्हता. त्यांना वाटलं, गड्याला हौस दिसते. ते आनंदानं त्याच्यामागं लागले. हा मागं वळून बघे आणि जोर करी. आप्पा म्हणत, झकास, आणि तेही जोर करत. असे ते दोघं बांधावरून, गाडीवाटेनं, ओढ्यातून तीन मैल गेले. शेवटी तो एका बाभळीखाली कोसळला आणि हात जोडून म्हणाला, "बास आप्पा, हरलो. आना कागद. कुठं आंगठा करायचा त्यो सांगा."

आप्पा त्याच्याजवळ बसले आणि धापा टाकत म्हणाले, "कसला कागद? आज आयतवार हाय."

"मग माझ्या मागं का पळताय?"

"तू का पळालास?"

हे मला त्या गड्यानंच नंतर सांगितलं. सांगताना तो लोळण घेऊन हसत होता. पण त्या दिवशी बाभळीखाली आप्पांनी त्याला एक शब्द दिला. ते म्हणाले, "ध्यानात ठेव. कागद आसंल तवा मी चालत येईन. पळत आलो तर समजायचं, खिशात काय बी न्हाई." सोमवारी ते खरोखर चालत गेले आणि गड्यानं मुकाट्यानं अंगठा दिला. पुढच्या रविवारपासून तो आप्पांबरोबर पळू लागला. गावोगाव ही गोष्ट पसरली. आप्पा पळत गेले की लोक ज्वारीतून बाहेर येऊन बघत, पोरं मागं लागत. आणि चालत गेले की पूर्वीसारखी दारं बंद.

शब्द देणं ठीक, पण तो किती ताणायचा? एकदा मी पुण्याला निघाले होते. एस.टी. स्टँडवरून हलत होती आणि वीस पावलांवर आप्पा. कमरेला बिल्ला, बगलेत पिशवी. त्यांना तळेगाव ढमढेऱ्याला समन्स घेऊन जायचं होतं. कंडक्टर ओळखीचा, त्यानं दार धरून हाक मारली, "आप्पा, पळा की!" आप्पांनी मान हलवली आणि आपल्या चालीनं चालत राहिले. दर रविवारी अठरा मैल पळणारा माणूस वीस पावलं पळेना! कंडक्टरनं शेवटी घंटी मारली. मी खिडकीतून पाहिलं, आप्पा रिकाम्या फलाटावर शांतपणे उभे होते. पुढची गाडी दोन तासांनी होती.

मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून परतल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "तो शब्द निमोण्याच्या माणसाला दिलाय. एस.टी.ला नाही दिलेला."

"खिशात कागद व्हता, बाई."

"मग?"

"मग चालायचं." एवढं बोलून ते आंघोळीला गेले.

याचा उलगडा मला कारेगावात झाला. आता तिथं कारखान्यांची रांग आहे, तेव्हा नुसता माळ होता आणि गावाबाहेरच्या वस्तीत आप्पांचे वडील एकटे राहत. त्यांना सगळे आबा म्हणत. आप्पा दर रविवारी नऊ मैल पळून जात ते त्यांनाच भेटायला. पण वस्ती यायच्या आधी एका बाभळीला त्यांनी पिशवी टांगून ठेवलेली असे. तिच्यातला लेंगा ते चड्डीवर चढवत, तोंड पुसत आणि सज्जन माणसासारखे चालत घरी जात. आबांना कळू नये म्हणून. आबांना अर्थातच सगळं ठाऊक होतं. मावशी म्हणायच्या, "बाप इचारत न्हाई, ल्योक सांगत न्हाई. वरीस झालं, दोघं नुसतं पावसापान्याचं बोलत्यात."

एका रविवारी मावशींबरोबर मीही गेले. आप्पा बाहेर सरपण फोडत होते. आबा भिंतीला टेकून बसले होते, डोक्यावर बुद्धाची तसबीर. पाऊणशे वयाचे, पण पिंडऱ्या अजून कातीव लाकडासारख्या. त्यांनी मला सरळच विचारलं, "बाई, तुमी त्याच्या पळन्याचं घड्याळ धरता म्हणं."

मी हो म्हटलं.

"शिकलेल्या हायसा म्हणून इचारतो. पळनं चांगलं आसतं का?"

"तब्येतीला चांगलंच असतं, आबा."

त्यांनी पाय लांब करून पिंडरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी बी पळलोय. वतनाचं काम व्हतं आमच्याकडं. साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्याम्होरं आमी पळायचं. ह्या शिवंपासनं त्या शिवंपतोर. घोडा दुडक्या चालला तर दुडक्या, भरधाव सुटला तर भरधाव. थांबायचं न्हाई, आडबाजूला व्हायचं न्हाई. घोड्याचा श्वास हितं लागायचा." त्यांनी मानेवर हात ठेवला. "आन् ह्यो, सात-आठ वर्साचा, बांधावर हुबा राहून बघायचा. म्या त्याला मारून मुटकून शाळंत बसवला. धम्म घेतला तवा ती सगळी कामं टाकली आन् म्हणलं, ह्या घरातलं पळनं आजपासनं संपलं. आता त्याला नोकरी हाय, यष्टी हाय, सायकल हाय. आन् त्यो आपखुशीनं चड्डी घालून पळतोय. मला सांगा, म्या कशापायी मारला वो त्याला?"

शिवलेले खिसे, सुटलेली एस.टी., सगळं एकदम समोर आलं आणि माझीच मला लाज वाटली. वर्षभर मी त्या माणसाच्या पळण्याचे सेकंद मोजत होते आणि मला काहीच मोजता आलं नव्हतं.

परतताना आप्पा आमच्याबरोबर चालत फाट्यापर्यंत आले. मी म्हटलं, "आबांनी सांगितलं मला."

त्यांनी वाटेतला एक दगड पायानं बाजूला सारला. मग म्हणाले, "आबा पळले त्ये हुकमानं. मला बघायचं व्हतं बाई, हुकमाबिगर पळलं तर कसं लागतं. लई ग्वाड लागतं. पण त्येंच्या डोळ्यांत मी पळालो की घोडाच दिसतो. म्हणून एकदा त्येंनी मला लोकांत पळताना बघावं, एवढंच हाय. बघून बी म्हणले सोड, तर सोडतो. चड्डीची पुसणी करा म्हणीन."

त्यांनी हे हसत सांगितलं, पण ते तसंच करणार हे मला ठाऊक होतं. दिला शब्द हा माणूस कसा पाळतो ते मी स्टँडवर पाहिलं होतं.

पुढच्या जानेवारीत दौंडच्या एका तरुण मंडळानं प्रजासत्ताक दिनाला मोठी शर्यत ठेवली. दौंडहून पाटस आणि पाटसहून परत, चांगले पंधरा मैल. आप्पांनी नाव दिलं, निमोण्याच्या गड्यानंही दिलं. दोघं आदल्या दिवशीच दौंडला गेले. आप्पांनी आबांना कारेगावला जाऊन सांगितलं होतं, "आबा, मी पळणार हाय. तुमी या." आबांनी विषय पावसापाण्यावर नेला होता.

आदल्या संध्याकाळी आबा काठी टेकत शिरूरच्या घरी हजर झाले. मावशी हरखल्या. "मामंजी, बघाया आलात व्हय?"

"बघाया न्हाई. आडवाया चाललोय. हितं आंधारात पळतो, त्ये चालून गेलं. आता झेंड्याखाली, साहेबलोकांम्होरं पळनार? म्या हू देनार न्हाई. शर्यत सुटायच्या आत त्याचा हात धरून घरी आननार."

मावशी "बरं" म्हणाल्या. पहाटेची पहिली गाडी धरायचं ठरलं. पहाटे मावशींनी पीठ मळायला घेतलं. भाकरी झाल्या, ठेचा झाला, मग त्यांना कोरड्यासही करावंसं वाटलं. आबा फाटकात काठी आपटत उभे. निघायच्या वेळी कुलपाची किल्ली सापडेना. आम्ही तिघांनी घर पालथं घातलं. गाडी गेल्याचा आवाज आला, तेव्हा मावशींनी कमरेला खोचलेल्या लुगड्याच्या केळात हात घातला आणि म्हणाल्या, "आगं बया, हितंच हाय की." माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दौंडला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शर्यत सातलाच सुटलेली. मंडपात झेंडे, कर्ण्यावर गाणी, आणि पहिले-दुसरे नंबर केव्हाच येऊन गेलेले. आबा काठी टेकत पाटसच्या रस्त्यानं चालू लागले. गाव मागं पडलं तशी ते एका लिंबाखाली बसले. "हितंच धरतो त्याला," म्हणाले. आम्ही दोघी शेजारी बसलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते.

निमोण्याचा गडी आला तो आठव्या का नवव्या नंबरानं. आम्हाला बघून तो पळता पळता ओरडला, "आप्पा मागं हायेत! पाणी पित्यात!" आणि पुढं गेला. मला काही समजलं नाही. मागाहून आप्पांनीच सांगितलं ते असं. रस्त्याच्या कडेनं वाड्या-वस्त्यांवरची माणसं तांब्या-पेले घेऊन उभी होती आणि पळणाऱ्याला हाक मारून पाणी देत होती. बाकीची पोरं हातानंच नको म्हणून पुढं जात. आप्पांच्यानं एकालाही नको म्हणवेना. इतकी वर्षं वणवण केलेल्या माणसाला लोक दारातून धावत येऊन पाणी देत होते. त्यांनी प्रत्येकाचा पेला घेतला, थांबून प्यायला, "बरं वाटलं" म्हणाले आणि पेला परत दिला. पाटसला एका म्हातारीनं उसाचा रस दिला, तोही दोन पेले. पोटात एवढं पाणी घेऊन माणूस पळणार कसा? मी शिकवलेलं सगळं गणित तिथं वाहून गेलं.

एकेक करून सगळे आले. साडेदहा झाले. रस्ता रिकामा. कडेची माणसं पांगायला लागली. आबा ताठ बसून होते आणि मावशी पदर चावत होत्या.

मग लांबच्या चढावर निळे-पांढरे पट्टे दिसले. आप्पा. एक पाय ओढत होते, पण पळत होते. आणि त्यांच्या मागं, पंधरा-वीस पावलांवर, मामलेदारसाहेबांची जीप.

आबा उठले. त्यांचा चेहरा मला बघवेना. "बघा बाई," ते म्हणाले. "म्होरं माझं पोरगं आन् मागं साहेब. बदललं का काय? घोड्याची गाडी झाली, दुसरं काय झालं?" काठी घेऊन ते थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मावशींनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, संपलं. आता म्हातारा हात धरणार, आणि हा वेडा माणूस दिल्या शब्दाला जागून उद्या खरंच पळणं सोडणार.

मी धावत आबांजवळ गेले. "आबा, ती जीप आप्पांना पळवत नाहीय."

"मग काय करतीय?"

"शर्यतीचा नियमच आहे, मंडपातल्या फळ्यावर लिहिलाय. शेवटचा माणूस पोचेपर्यंत जीपनं त्याच्या मागंच राहायचं. कुणी रस्त्यात पडलं तर उचलायला."

"साहेब आत बसलाय का?"

"बसलेत. बक्षिसं त्यांच्याच हातून द्यायचीत. मंडपात सगळे त्यांची वाट बघतायत."

"म्हंजी त्याला घाई आसंल."

"असणारच."

"तरी म्होरं जाता येत न्हाई?"

"नाही."

आबांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "आन् माझं पोरगं दमानं पळालं तर?"

"जीपला दमानं यावं लागेल."

"त्यो थांबला तर?"

"तीही थांबेल, आबा."

आबा जीपकडं बघत राहिले. ती आता जवळ आली होती. साहेबांनी टोपी काढून तिनं वारा घ्यायला सुरुवात केली होती आणि ड्रायव्हर हनुवटी चाकावर टेकून कंटाळून बसला होता. आप्पांचे ओठ हलत होते, पाढा चालू असावा. रस्त्यात काठी घेऊन उभे असलेले वडील त्यांना दिसले. पाढा थांबला. पाय अडखळले, पण थांबले नाहीत. त्यांच्या तोंडावर लहान मुलाची भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आबा बाजूला झाले. काठी काखेत मारून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पाऊणशे वयाच्या त्या माणसानं अशी आरोळी दिली की कडेची माणसं दचकली.

"दमानं लेका! दमानं पळ! कुनाच्या बाची घाई न्हाई!"

आप्पांनी ऐकलं. घामानं डबडबलेल्या तोंडानं ते हसले आणि त्यांनी वेग कमी केला. आबा रस्त्याच्या कडेनं त्यांच्याबरोबर चालू लागले, तसा आणखी कमी केला, म्हातारा मागं पडू नये एवढा. मागं ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि साहेबांची जीप त्या दोघांच्या मागून, पावलापावलानं, दौंडात शिरली.